साखर ‘मुळापासून’ घालवणाऱ्या जाहिराती आणि मधुमेहाचे मौन

डिसेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील बेकर हार्ट अँड डायबिटीस इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेला लोकांना जाहीरपणे सावध करावे लागले. संस्थेतील तज्ज्ञांचे चेहरे आणि आवाज वापरून बनवलेल्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरत होत्या आणि त्यांत हे तज्ज्ञ मधुमेहावरच्या एका पूरक उत्पादनाची भलावण करताना दिसत होते. प्रत्यक्षात त्यांतला एकही शब्द त्यांनी उच्चारलेला नव्हता. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने ब्रिटनमधील प्रेक्षकांच्या परिचयाच्या टीव्हीवरील डॉक्टरांचे असेच बनावट व्हिडिओ उघडकीस आणले होते. अशा चित्रफितींना डीपफेक म्हणतात. खऱ्या माणसाचा चेहरा, आवाज आणि हावभाव संगणकाला शिकवायचे आणि मग त्या माणसाच्या तोंडी हवे ते शब्द घालायचे, असे हे तंत्र आहे.

तंत्र नवे असले तरी त्या शब्दांत नवे काहीच नसते. साखर कायमची जाईल, गोळ्या सुटतील, इंजेक्शन लागणार नाही, हेच आश्वासन पूर्वी पत्रकांवर छापून येत असे आणि आता मोबाइलच्या पडद्यावर येते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगात २० ते ७९ या वयोगटातील सुमारे ५८.९ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि त्यांतील दहापैकी चारांहून अधिक जणांना त्याचा पत्ताही नाही. एवढा मोठा ग्राहकवर्ग समोर असताना अशा जाहिराती का केल्या जातात, हे कोडे उरत नाही. शिकलीसवरलेली, एरवी पैसा आणि शब्द दोन्ही जपून वापरणारी माणसे त्यांच्यावर विश्वास का ठेवतात, हे मात्र समजून घेण्याजोगे आहे.

माझी मावशी निवृत्त शिक्षिका आहे. दुसऱ्याच्या हिशेबातली चूकही तिच्या नजरेतून सुटत नाही. तिने पाच महिने असेच एक चूर्ण घेतले आणि घरात कोणालाही त्याची कुणकुण लागली नाही. साखर तपासायच्या स्ट्रिप्सच्या डब्यामागे तिने ती बरणी ठेवली होती. फोनवरच्या एका ‘सल्लागारा’च्या सांगण्यावरून तिने रोजची गोळी आधी अर्धी केली, मग बंद केली. ‘आणि मला काहीच झाले नाही’, असे ती नंतर पुन्हा पुन्हा सांगत होती. तिचे ते वाक्य अगदी खरे होते, आणि या सगळ्या व्यापाराचा पायाच त्या वाक्यात आहे. तो समजण्यासाठी थोडे शरीराच्या आत डोकवावे लागेल.

मधुमेहात बिघडते तरी काय?

आपण खातो त्यातील पिष्टमय पदार्थांचे शेवटी ग्लुकोज होते आणि ते रक्तावाटे शरीरभर हिंडते. परंतु स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींची दारे ग्लुकोजसाठी आपोआप उघडत नाहीत, कारण त्यांच्या कड्या आतून लावलेल्या असतात. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन हे संप्रेरक दाराशी येऊन हाक देते, तेव्हा आतून कडी निघते. हीच हाक यकृतालाही ऐकू जाते आणि ते आपल्या साठ्यातील साखर रक्तात सोडण्याचे थांबवते.

टाइप १ मधुमेहात हाक देणाराच उरत नाही, कारण शरीराची प्रतिकारयंत्रणा इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी चुकून शत्रू समजून नष्ट करते. टाइप २ मध्ये हाक दिली जाते, पण आतल्याला ऐकू कमी येते. मग स्वादुपिंड आवाज चढवते, वर्षानुवर्षे चढवत राहते, आणि अखेरीस त्याचा घसा बसतो. टाइप २ चे निदान होते तोवर बीटा पेशींची बरीचशी क्षमता खर्ची पडलेली असते.

एवढे ध्यानात आले की ‘दोन्ही प्रकारांच्या मधुमेहावर एकच उपाय’ हा दावा जागीच कोसळतो. एकीकडे हाक देणारा नाही आणि दुसरीकडे ऐकणाऱ्याच्या कानात दोष आहे, असे असताना दोघांना एकच चूर्ण कसे चालावे? टाइप १ च्या रुग्णाने इन्सुलिन थांबवले तर काही दिवसांतच रक्तात आम्ले साठून जिवावर बेतते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून मृत्यू थोडा पुढे ढकलणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. थॉम्पसन त्यानंतर १३ वर्षे जगला. ज्या जाहिराती इन्सुलिन ‘सोडवून’ देण्याची भाषा करतात त्या आज टाइप १ असलेल्या मुलांच्या पालकांपर्यंतही पोहोचतात, आणि म्हणून त्यांच्याकडे केवळ फसवणूक म्हणून पाहणे मला अपुरे वाटते.

‘गोळी बंद केली, तरी काही झाले नाही’

वाढलेली साखर दुखत नाही. रात्रभर उपाशी राहिल्यानंतरची साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक भरली आणि पुन्हा तपासल्यावरही तशीच निघाली, तर मधुमेहाचे निदान केले जाते. पण शरीर तक्रार करू लागते ते साधारण १८० च्या पुढे. तोवर मूत्रपिंडे गाळलेली सगळी साखर परत रक्तात ओढून घेतात. त्यांची ती क्षमता संपली की साखर लघवीत उतरते, आपल्याबरोबर पाणी ओढून नेते, आणि मग वारंवार लघवी व तहान सुरू होते. ही मर्यादा प्रत्येकाची थोडी वेगळी असते आणि वयानुसार ती वरही सरकते. म्हणजेच १२६ आणि १८० यांच्या दरम्यान एक मोठा टापू असा आहे, जिथे आजार आपले काम करत असतो आणि माणसाला काडीइतकेही जाणवत नाही.

मावशीची गोळी बंद झाली तेव्हा ती याच टापूत होती. चक्कर नाही, थकवा नाही, तहान नाही. उलट गोळीने होणारी पोटाची कुरबुर थांबल्यामुळे तिला अधिकच हलके वाटत होते. चूर्ण सुरू झाले आणि बरे वाटू लागले, हा तिचा अनुभव होता. त्याचे श्रेय कोणाला द्यायचे, एवढेच तिच्याकडून चुकले.

या मौनाची किंमत किती असते, हे मोजले गेलेले आहे. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या अभ्यासात १९७७ पासून २० वर्षे, टाइप २ चे नव्याने निदान झालेल्या ५,१०२ रुग्णांचा पाठपुरावा करण्यात आला. एका गटाची साखर कसोशीने आटोक्यात ठेवली गेली, तर दुसऱ्या गटाला त्या काळातील नेहमीचे उपचार मिळाले. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा निर्देशांक पहिल्या गटात ७.० टक्के आणि दुसऱ्यात ७.९ टक्के राहिला. हा एक टक्क्याहूनही कमी फरक दोन्ही गटांतील कोणालाही दैनंदिन जीवनात जाणवण्यासारखा नव्हता. तरीही डोळ्यांच्या पडद्याला आणि मूत्रपिंडांना होणाऱ्या इजांसारखे, बारीक रक्तवाहिन्यांचे विकार पहिल्या गटात सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर लवकरच सारखी झाली, पण आरंभीच्या वर्षांत घेतलेल्या काळजीचा फायदा पुढे दहा वर्षांनीही दिसत राहिला. म्हणूनच ‘पाच-सहा महिने करून तर बघू, नाही जमले तर गोळ्या आहेतच’ हा विचार वाटतो तितका निरुपद्रवी नाही.

दहा दिवसांत साडेनऊवरून सहा?

वर जो निर्देशांक आला त्याचे नाव एचबीए१सी. तो दहा दिवसांत ९.५ वरून ६ वर आणल्याचा दावा अशा जाहिरातींत असतो. तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनला रक्तातील साखर हळूहळू चिकटते आणि एकदा चिकटली की ती पेशी असेपर्यंत सुटत नाही. किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे, हे ही तपासणी सांगते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणजे आजच्या रक्तात काल जन्मलेल्या पेशी असतात, तशा साडेतीन महिन्यांपूर्वीच्याही असतात.

एखाद्या मोठ्या पिंपात गढूळ पाणी भरलेले आहे आणि त्यात वरून स्वच्छ पाण्याची बारीक धार सोडली आहे, तळातून तेवढेच गढूळ पाणी बाहेर जात आहे, असे समजा. धार कितीही निर्मळ असली तरी पिंप तासाभरात निवळत नाही. एचबीए१सीचेही तसेच आहे. आज रात्रीपासून एखाद्याची साखर अगदी निरोगी माणसासारखी झाली, तरी जुन्या पेशी आपली चिकटलेली साखर घेऊन पुढचे काही आठवडे फिरतच राहणार. या आकड्यावर शेवटच्या महिन्याचा प्रभाव सर्वांत जास्त, जवळपास निम्मा असतो; तरीही दहा दिवसांत ९.५ वरून ६ वर येणे या हिशेबात बसतच नाही. रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवले असेल किंवा तांबड्या पेशी अकाली फुटण्याचा आजार असेल, तर आकडा फसवा कमी येऊ शकतो, पण त्यात आनंद मानण्यासारखे काही नाही.

म्हणून जाहिरातीत ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन अहवाल शेजारी शेजारी दाखवले असतील, तर आकड्यांच्या आधी तारखा पाहाव्यात. बऱ्याचदा त्या झाकलेल्या असतात. कधी एका बाजूला जेवणानंतरची साखर आणि दुसऱ्या बाजूला उपाशीपोटीची साखर ठेवलेली असते. या दोन गोष्टींची तुलना म्हणजे दुपारचे तापमान आणि पहाटेचे तापमान दाखवून ‘ऊन घालवले’ असे सांगण्यासारखे आहे.

पण ओळखीतल्या माणसाला गुण आला, त्याचे काय?

हा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो सांगणारी माणसे सहसा खोटे बोलत नसतात. जाहिरातीतील कथा विकत घेतलेल्या असू शकतात; शेजारच्या माणसाची कथा तशी नसते. तरीही ती पुरावा का ठरत नाही, याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत.

माणूस नवा उपाय शोधतो तो बहुधा साखर नेहमीपेक्षा खूप चढलेली असताना: आजारपणानंतर, घरातील ताणानंतर, खाण्याजेवण्याचा ताळ सुटल्यानंतर. अशी उसळी बहुतेक वेळा आपसूक खाली येते, आणि त्या दरम्यान जे काही चालू असेल त्याला यश मिळते. शिवाय जवळपास प्रत्येक बरणीसोबत एक पथ्याचा कागद येतो, ज्यावर गोड बंद, तळलेले बंद, रोज ४० मिनिटे चालणे असे लिहिलेले असते. तो कागद पाळला तर साखर उतरणारच, बरणी उघडलीच नाही तरीही. काही जण जुनी गोळी चालू ठेवून चूर्ण घेतात, आणि टाइप १ च्या काही रुग्णांत तर इन्सुलिन सुरू केल्यानंतर काही आठवडे ते काही महिने उरल्यासुरल्या बीटा पेशी थोड्या सावरतात व इन्सुलिनची गरज तात्पुरती खूप कमी होते. याला डॉक्टर ‘हनिमून काळ’ म्हणतात. तो संपतोच. पण नेमक्या त्या काळात कोणी एखादा काढा सुरू केलेला असेल, तर चमत्कार घडला असे त्या घराला वाटले तर दोष कोणाला द्यावा?

आणि ज्यांना गुण आला नाही, ते काय करतात? ते गप्प बसतात, कारण फसलो हे सांगताना मान खाली जाते. मधुमेह आधीच मौनी, त्यात हे दुसरे मौन मिळते, आणि कानावर फक्त यशाच्याच गोष्टी येत राहतात.

‘नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही’

वनस्पतींत औषध नसते असे कोणी जाणकार म्हणणार नाही. आज टाइप २ साठी जगभर सर्वाधिक दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी एका वनस्पतीच्याच वाटेने आली. गॅलेगा नावाच्या झुडपाचा युरोपात जुन्या काळापासून औषध म्हणून वापर होता. त्यातील साखर उतरवणारा घटक सापडला, पण तो विषारीही ठरला. मग त्याच्याशी नाते सांगणारी संयुगे प्रयोगशाळेत तयार झाली, त्यांतील मेटफॉर्मिन १९२२ मध्ये बनवले गेले, आणि फ्रान्समधील डॉक्टर झाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये त्याचा मधुमेही रुग्णांवरील उपयोग प्रसिद्ध केला. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये वेगळ्या काढलेल्या फ्लोरिझिन या पदार्थाचीही अशीच लांबलचक कथा आहे. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या आजच्या गोळ्या त्याच धाग्यातून निघाल्या. पाल्यापासून गोळीपर्यंतच्या या दशकांच्या प्रवासात मुख्य काम मात्रा ठरवण्याचे असते: किती दिले की गुण येतो, किती दिले की विष होते, आणि कोणाला मुळीच देऊ नये. बरणीवर हे तिन्ही प्रश्न अनुत्तरित असतात.

यापेक्षा गंभीर बाब अशी की ‘शंभर टक्के नैसर्गिक’ अशा बरणीतून कधी कधी खरेखुरे रासायनिक औषध निघते. ग्राहकाला दोन दिवसांत फरक दिसावा म्हणून साखर उतरवणाऱ्या गोळ्यांची पूड त्यात मिसळलेली असते. लेबलवर तिचे नाव नसते, मात्रा अनिश्चित असते, आणि तोच माणूस डॉक्टरांनी दिलेली गोळीही घेत असेल तर दोन्हींचा मारा एकाच वेळी होतो. २००८ मध्ये सिंगापूरमध्ये साखर धोकादायकरीत्या खाली गेलेले सुमारे दीडशे रुग्ण काही महिन्यांत रुग्णालयांत दाखल झाले. त्यांना मधुमेह नव्हताच. त्यांपैकी अनेकांनी घेतलेल्या लैंगिक शक्तिवर्धक उत्पादनांत ग्लायबेनक्लामाइड हे मधुमेहाचे औषध प्रचंड मात्रेत सापडले. काही जण बेशुद्धीतून बाहेर आलेच नाहीत आणि चार जण दगावले. मेंदूला इंधन म्हणून मुख्यतः साखरच लागते, त्यामुळे ती फार उतरली तर इजा व्हायला काही तास पुरेसे होतात. वाढलेली साखर वर्षानुवर्षे गप्प राहते, घटलेली साखर मात्र थांबत नाही.

पण ‘रिव्हर्सल’, म्हणजे मधुमेह माघारी फिरवणे, तर डॉक्टरही मानतात ना?

मानतात, आणि इथे जाहिरातवाले अर्धे सत्य फार कौशल्याने वापरतात. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या चाचणीत, निदानाला सहा वर्षांहून अधिक काळ न झालेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या टाइप २ रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरींचा आहार देण्यात आला, आणि पुढेही त्यांच्यावर नियमित देखरेख राहिली. वर्षभरानंतर त्यांतील ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती; ज्यांचे वजन १५ किलो किंवा त्याहून अधिक उतरले होते त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. दोन वर्षांनी एकूण प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०१७ पासून प्रसिद्ध झाले आणि त्यांनी मधुमेहाकडे पाहण्याची दृष्टी खरोखरच बदलली.

या स्थितीला वैद्यकात रेमिशन म्हणतात. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने तिची व्याख्या ठरवली. साखर उतरवणारी सर्व औषधे थांबवल्यानंतर किमान तीन महिन्यांनीही एचबीए१सी ६.५ टक्क्यांच्या खाली असेल, तर ते रेमिशन. ‘बरा झाला’ हा शब्द त्या गटाने जाणूनबुजून टाळला, कारण वजन पुन्हा वाढले की साखर पुन्हा वाढू शकते आणि म्हणून डोळे, मूत्रपिंडे व पाय यांची वार्षिक तपासणी चालूच ठेवावी लागते. आपल्या उपमेत सांगायचे तर यकृत आणि स्वादुपिंड यांतील जादा चरबी उतरली की आतल्याला पुन्हा नीट ऐकू येऊ लागते आणि घशालाही आराम मिळतो. पण घसा बसून फार वर्षे लोटली असतील तर तो तितकासा सुटत नाही. जाहिरात यातला ‘औषधाशिवाय’ हा एक शब्द उचलते. पथ्य, देखरेख, वजन आणि निदानानंतरचा काळ या सगळ्या अटी मात्र ती गाळते, आणि टाइप १ वाल्यांनाही तेच स्वप्न विकते. ज्यांना रेमिशनचा प्रयत्न करायचा असेल त्यांनी तो अवश्य करावा, पण आपल्या डॉक्टरांबरोबर करावा. आहार एकदम घटवताना गोळ्या आणि इन्सुलिनही त्याच हिशेबाने घटवावे लागते, नाही तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते.

कंपन्यांना आजार संपायला नकोच आहे?

औषध कंपन्यांवर आंधळा विश्वास ठेवा, असे मी म्हणणार नाही. इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी त्याचे हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले होते, आणि शंभर वर्षांनंतरही जगातील कितीतरी रुग्णांना ते परवडत नाही, हा संताप रास्तच आहे. कंपन्यांच्या गोळ्याही सदोष निघालेल्या आहेत. मेटफॉर्मिनचेच भावंड असलेले फेनफॉर्मिन रक्तात लॅक्टिक आम्ल साठवते म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस अनेक देशांनी मागे घेतले. रोसिग्लिटाझोन या औषधाने हृदयविकाराचा धोका वाढत असल्याची शंका २००७ मध्ये पुढे आली आणि २०१० मध्ये युरोपने त्याची विक्री थांबवली.

मात्र हे दोष आपल्याला कळले कसे, याचा विचार करावा. रुग्णांच्या नोंदी होत्या, चाचण्यांचे आकडे उपलब्ध होते, आणि त्रयस्थ संशोधकांनी ते तपासून जाब विचारला. ज्या बरणीच्या रुग्णांची कोठे नोंदच नाही, तिचा दोष कधीच उघड होणार नाही आणि तिचा गुणही कधी सिद्ध होणार नाही. नोंद नसणे म्हणजे निर्दोष असणे, असे मात्र आपल्याला वाटून जाते.

जाहिरात नेमकी आपल्यालाच का दिसते?

आपण ‘पायाला मुंग्या का येतात’ असे शोधतो, साखरेवरचा एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहतो, रुग्णांच्या एखाद्या गटात सामील होतो. या खुणांवरून आपले वय, आवडी आणि काळज्या यांचा अंदाज बांधला जातो आणि जाहिरातदाराला त्या अंदाजापर्यंत पोहोचण्याची मुभा विकत मिळते. अशा जाहिराती अडवण्यासाठी मंचांची तपासयंत्रणा असते, पण तिलाही चकवा दिला जातो. तपासणाऱ्याला चालण्याचे फायदे सांगणारे साधे पान दिसते आणि त्याच दुव्यावरून आलेल्या ग्राहकाला चमत्काराचे पान दिसते.

मावशीने जिथून मागवले होते ते पान मी नंतर शेवटपर्यंत वाचले. वर एक घड्याळ उलटे चालत होते, सवलत संपायला दहा मिनिटे उरली होती. पान बंद करून पुन्हा उघडले, तर दहा मिनिटे पुन्हा नव्याने सुरू झाली. ‘शेवटच्या सात बरण्या’ दुसऱ्या दिवशीही सातच होत्या. खाली समाधानी ग्राहकांचे अभिप्राय होते, पण कोणत्याही नावावर बोट ठेवले तरी काहीच उघडत नव्हते, कारण तो सगळा मजकूर म्हणजे एक सलग चित्र होते. फोन क्रमांकाच्या रकान्याखाली ‘साखर किती वर्षांपासून आहे?’ असा प्रश्न होता. उत्तर भरल्यावर थोड्याच वेळात फोन आला. पलीकडचा माणूस अत्यंत आपुलकीने बोलत होता. त्याने झोपेबद्दल विचारले, पायांबद्दल विचारले, मध्ये एकदाही घाई केली नाही. दवाखान्यात काही मिनिटांत आटोपणाऱ्या भेटीनंतर कोणी तरी इतके निवांत ऐकून घेते आहे, याचा मोह मला त्या फोनवर प्रथमच कळला.

कायदे आहेत. भारतात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरातच निषिद्ध ठरवली आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये मधुमेहावरची बेकायदा उत्पादने विकणाऱ्या १५ कंपन्यांना इशारापत्रे धाडली. पण एका देशात नोंदलेले संकेतस्थळ, दुसऱ्यातून आलेला माल आणि तिसऱ्यातील फोन असा पसारा असला, की नोटीस पोहोचेपर्यंत पानाचे नाव बदललेले असते. हाच प्रकार यंत्रांच्या बाबतीतही घडतो. त्वचेला सुईचा स्पर्शही न करता साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांना आणि अंगठ्यांना आपण मान्यता दिलेली नाही, असे याच प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट केले. अशा घड्याळाचा आकडा पाहून कोणी इन्सुलिनची मात्रा ठरवली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

कोणी आधीच घेत असेल, तर?

सर्वांत आधी साखर तपासावी, आणि बंद केलेली औषधे परस्पर पूर्वीच्या मात्रेत सुरू करू नयेत. चूर्णात लपवलेले औषध असेल तर दोन्ही मिळून साखर झपाट्याने खाली येऊ शकते. अंगाला दरदरून घाम, हातांना कंप, गोंधळल्यासारखे बोलणे अशी चिन्हे दिसली आणि माणूस शुद्धीवर असला, तर ताबडतोब साखर किंवा गोड पेय द्यावे. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही न घालता तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी. टाइप १ च्या रुग्णाने इन्सुलिन थांबवले असेल आणि उलट्या, पोटदुखी किंवा धाप सुरू झाली असेल, तर एक तासही न थांबता रुग्णालय गाठावे. एरवी बरणी, तिचे वेष्टन आणि पावती घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे, म्हणजे संशय आल्यास नमुना औषध प्रशासनाकडे तपासणीला देता येतो.

आणि घरच्यांनी विचारताना आवाज जपावा. मावशीला ‘तुला एवढे कळले नाही?’ असे आम्ही म्हणालो असतो, तर ती बरणी आणखी आतल्या कप्प्यात गेली असती. मी तिला फक्त स्ट्रिप्सचा नवा डबा नेऊन दिला आणि आपण दोघे मिळून आठवडाभर सकाळची साखर वहीत लिहू या, असे सुचवले. चौथ्या दिवशी तिने स्वतःच बरणी बाहेर काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती फिरवून सगळी वाचली. त्यावर घटकांची अकरा नावे होती, पण एकाही नावापुढे प्रमाण नव्हते. त्यांनी एचबीए१सी, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि तिच्या वहीतील आकड्यांवरून बोट फिरवत विचारले, “मावशी, ही गोळी तुम्हाला नकोशी का झाली होती, ते मला सांगाल का?” पोटाच्या त्रासाबद्दल ती त्यांच्याशी तेव्हा पहिल्यांदाच बोलली. त्यांनी हळूहळू विरघळणारी, जेवणानंतर घ्यायची गोळी लिहून दिली.